आनंदीबाई, गोपाळराव आणि व्हिसाची रांग

मागच्या महिन्यात मी चेन्नईत, जेमिनी पुलाशेजारच्या अमेरिकी वकिलातीबाहेर रांगेत उभा होतो. सौ. लेकीकडे फिलाडेल्फियात, मी इथे. फौजेतल्या बदल्यांमुळे वर्षानुवर्षं तिला मागे ठेवलं, आता हिशेब फिटला!

रांगेत गोपाळराव जोशी आठवले. ७ एप्रिल १८८३ ला त्यांची पत्नी आनंदीबाई कलकत्त्याहून नवऱ्याविना बोटीवर चढली; वय अठरा. गोपाळराव पोस्टातले कारकून, मागे राहिले. मग संसार पत्रांवर. ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियातच ती डॉक्टर झाली, तेव्हा मात्र ते तिथे पोचले होते. त्यांना व्हिसा कोणी मागितला नाही. अडसर होता पैशांचा आणि लोकांच्या तोंडांचा.

व्हिसाचा कागद आला पहिल्या महायुद्धात. १९२४ च्या कायद्याने तो पक्का झाला. १९५२ च्या कायद्याचं कलम २१४(ब) तर पर्यटकालाही आधी स्थायिक व्हायला निघालेलाच धरतं. परत येणार, हे आपणच पटवायचं. म्हणून माझ्या फाइलीत सगळ्यात वर पेन्शनचा पीपीओ.

खिडकीतल्या अधिकाऱ्याने फाइल उघडलीच नाही.

"तिकडे कोण?"

"बायको."

"भेटून किती दिवस झाले?"

"एकशे चाळीस," मी म्हणालो.