शेवंड समुद्रात टाकणारी माणसं

बॉस्टनला प्रोजेक्टवर असताना एका शनिवारी मी न्यू बेडफर्डहून फेरीबोट पकडली आणि कटीहंक नावाच्या बेटावर गेलो. तासाभराचा प्रवास. बेट एवढंसंच, पण मासे गरवण्याच्या इतिहासात त्याचं नाव मोठं. १८६४ साली न्यूयॉर्कच्या काही धनिकांनी इथे फिशिंग क्लब काढला, तोही मुख्यतः एकाच माशासाठी: पट्टेरी बास. या माशाचा मान इथे जुना. १६३९ मध्येच मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीने कॉड आणि बास शेतात खत म्हणून घालायला बंदी केली होती.

आमचं घर मालवणचं. गरवायला जायचं म्हणजे गरी, तंगूस आणि कोळंबीचा तुकडा, एवढंच मला ठाऊक. इथला थाट वेगळा होता. किनाऱ्याच्या खडकांत लोखंडी कांबी ठोकायच्या, त्यांवर फळ्या टाकायच्या आणि फुटणाऱ्या लाटांच्या डोक्यावर उभं राहायचं. या मचाणाला स्टँड म्हणत. कोणाला कुठला स्टँड, हे आदल्या रात्री चिठ्ठ्या टाकून ठरे.

सभासदाबरोबर एक पगारी माणूस असे, बहुतेकदा बेटावरचाच. त्याचं काम चम टाकणं. गळाला लावतात ते आमिष. पाण्यात मोकळं फेकतात तो चम. त्यासाठी मेनहेडन हा तारलीच्या जातकुळीतला तेलकट मासा बारीक चिरायचा. तुकडे टाकले की तेलाचा तवंग प्रवाहाबरोबर पसरतो आणि वास घेत बास त्या वाटेने उलटा वर येतो. थोडं थोडं, पण न थांबता टाकायचं. जास्त टाकलं तर मासा पोट भरून निघून जातो, थांबलात तर वाट तुटते. (आमच्या धंद्यात याला रेट लिमिटिंग म्हणतात आणि त्यावर तासतासभर मीटिंगा होतात.)

गळ सजवण्याचं कामही बऱ्याचदा त्याच माणसाकडे. मेनहेडनच्या एका बाजूची पट्टी कापून गळात ओवायची आणि दोऱ्याने बांधायची, म्हणजे फेकताना निसटत नाही. गळाचं आमिष चमच्या तुकड्यांसारखंच वाहत गेलं पाहिजे, नाहीतर मासा शहाणा होतो. दोरी लिननची, रोज वाळवली नाही तर कुजायची. रिळाला आजच्यासारखा ड्रॅग नव्हता. बासने धाव घेतली की गरगरणाऱ्या रिळावर अंगठा दाबूनच त्याला रोखायचं. त्यासाठी अंगठ्यावर टोपण चढवत, तरी कातडी भाजायचीच. सभासदाची खरी मेहनत ही इथे होती आणि ती कमी नव्हती, हे मान्य.

पण माशाला खडकापर्यंत आणलं कोणी? वजनं सभासदांच्या नावावर लिहिली जात. मोसमातला सर्वांत मोठा मासा ज्याचा, त्याला ‘हाय हुक’ हा मान. ग्रोव्हर क्लीव्हलंडसारखा राष्ट्राध्यक्ष इथे गरवायला येऊन गेला, हे बेटावर आजही सांगतात. चम टाकणाऱ्यांची नावं मी विचारत राहिलो. मला कोणी सांगू शकलं नाही. आमच्याकडेही रिलीजच्या मेलमध्ये कोणाचं नाव येतं ते मला माहीत आहे, त्यामुळे मी जरा जास्तच चिडलो असेन.

आणि शेवंड! मेनहेडनच्या जोडीला शेवंड वापरत. शेपटीचं मांस गळाला, उरलेलं ठेचून पाण्यात. तेव्हा तिथे शेवंड इतकी मुबलक आणि स्वस्त होती. एकोणिसावं शतक संपता संपता बासच दुर्मीळ झाला आणि असे क्लब एकेक करून ओस पडले. कटीहंकची इमारत उभी आहे. तिथे आता पाहुणे उतरतात.

व्हरांड्यात बसून मी काकांना व्हिडिओ कॉल केला. त्यांना राष्ट्राध्यक्ष सांगितला, चिठ्ठ्या सांगितल्या, अंगठ्याचं टोपण सांगितलं. ते नुसतेच हूं हूं करत होते. मग शेवंडीचं सांगितलं.

“शेवंडा पाण्यात टाकी होते?” काका ओरडले. “आणि ती ठेचणारो काय खाय होतो?”