यंत्राची तेलवात

आपल्याकडे देवळाला इनाम देताना नंदादीपाच्या तेलाचीही तरतूद सनदेत लिहून ठेवीत. देऊळ बांधले म्हणजे दिवा आपोआप तेवत राहील, असे पूर्वजांनी मानले नाही. यंत्रयुगाला मात्र हा धडा नव्याने शिकावा लागला.

अमेरिकेत कॅन्सस सिटीला आल्मन स्ट्रौजर हा गृहस्थ अंत्यविधीच्या व्यवस्थेचा धंदा करी. टेलिफोन जोडून देणारी बाई आपली गिऱ्हाइके दुसरीकडे वळविते, असा त्याला संशय होता, अशी कथा सांगतात. ते कसेही असो. मधला माणूस वगळणाऱ्या जोडणीयंत्राचे पेटंट त्याला १८९१ साली मिळाले. १८९२ मध्ये इंडियाना संस्थानातील ला पोर्ट गावी तसे एक्स्चेंज सुरू झाले. भारतात पहिले स्वयंचलित एक्स्चेंज शिमल्याला १९१३-१४ मध्ये बसले.

मग माणसाचे काम संपले काय? मुळीच नाही. या यंत्राच्या सुधारलेल्या रूपात, नंबर फिरवला की आतली दांडी एकेक पायरी वर चढे, मग आडवी फिरे आणि तिची लवचीक जीभ शंभर जोडांपैकी नेमका एक गाठी. परंतु धातूचे दोन पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले, तरी खरोखर भिडतात ते थोड्याशा सूक्ष्म उंचवट्यांवरच. तेथे धूळ बसली, किंवा घरच्या चांदीच्या ताटाप्रमाणे काळा थर धरला, की वीज अडखळे आणि बोलणाऱ्याच्या कानात खरखर होई.

म्हणून कोणीतरी रोज हे जोड पुसत असे, दांडीला बेताचे तेल देत असे. यात तारतम्य लागे. तेलातून वीज वाहत नाही. तरीही सरकत्या जोडावरचा अगदी पातळ थर दाबाखाली बाजूला होतो, धातूला धातू मिळते आणि झीज कमी होते. तेच तेल अधिक झाले की धूळ धरून ठेवते. कानशीने खरवडले, तर घाणीबरोबर चांगला धातूही जातो.

ब्रिटनच्या टेलिफोनसेवेतील अखेरचे स्ट्रौजर एक्स्चेंज १९९५ साली बंद झाले. जवळजवळ शंभर वर्षे हे ‘आपोआप’ चालणारे यंत्र अनामिक हातांच्या चिंधीवर आणि तेलाच्या थेंबावर चालले. स्ट्रौजरचे नाव इतिहासात राहिले. त्या हातांची नोंद राहिली नाही. नव्या यंत्राचे उद्घाटन आपण थाटाने करतो, तेव्हा त्याच्या तेलवातीची तरतूद कोणत्या सनदेत लिहिली आहे, हेही विचारले पाहिजे.