भाषाविज्ञान-प्रवेश आणि भाषाशिक्षण (पुणे)

भाषेचे ध्वनी, शब्दांची घडण, वाक्यरचना, अर्थ आणि समाजातले भाषेचे वापर यांची पद्धतशीर ओळख करून देणारा विद्यापीठीय अभ्यासक्रम. पुण्यात डेक्कन कॉलेजच्या एम.ए. (भाषाविज्ञान) पदवीचे पहिले सत्र हे त्याचे पूर्ण रूप होय. एम.ए. मराठीला तो एखाद्या अभ्यासपत्रिकेपुरता येतो. ‘भाषा कशी असावी’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘ती कशी आहे’ हे पाहण्याची सवय लावणे, हे या अभ्यासाचे पहिले काम. भाषाशिक्षकाला त्याचा उपयोग काय, याचे उत्तर मराठीपुरते तरी नेमके देता येते. वर्गात होणाऱ्या चुका एका जातीच्या नसतात आणि त्या वेगळ्या ओळखता येणे हा या अभ्यासाचा सर्वांत मोठा लाभ आहे.

अभ्यासाची सुरुवात बहुधा ध्वनींपासून होते. ‘चार’ हा शब्द मराठीत दोन तऱ्हांनी उच्चारतात. आकडा असेल तर च तालव्य, ‘गुरांना चार’ म्हणताना दंततालव्य. ‘जरा थांब’ मधला ज आणि म्हातारपण या अर्थाच्या ‘जरा’ मधला ज यांतही हाच भेद आहे. लिपीत दोन्हींना एकच अक्षर असल्याने जन्मभर मराठी बोलणाऱ्या विद्यार्थ्यालाही वर्गात बसेपर्यंत हा भेद जाणवलेला नसतो. पुढची पायरी अधिक रंजक आहे. ‘माझा’ मधला झ दंततालव्य, पण ‘माझी’ आणि ‘माझ्या’ मध्ये तो तालव्य होतो, कारण पुढे ई किंवा य येतो. म्हणजे हा भेद कुठे अर्थ बदलतो, तर कुठे शेजारच्या ध्वनीमुळे आपोआप घडतो. स्वनिम, म्हणजे अर्थ बदलू शकणारा ध्वनिघटक, ही कल्पना समजण्यासाठी इंग्रजी पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणांपेक्षा ही उदाहरणे कितीतरी सोयीची आहेत. परभाषकाला मराठी शिकवणाऱ्याने ती पहिल्या आठवड्यातच हाताशी ठेवावीत.

शुद्धलेखनाच्या वहीत याचा थेट उपयोग होतो. ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ लिहिणाऱ्या मुलाच्या घरच्या बोलीत न आणि ण हे वेगळे ध्वनी नसतात. त्याने निष्काळजीपणा केलेला नसतो, तो ऐकतो तसेच लिहितो. त्याला ‘मन–मण’ अशा जोड्या ऐकवून, बोलायला लावून, कान तयार करून मगच लेखनाकडे न्यावे लागते. वऱ्हाडी बोलीतला ‘डोया’ (डोळा) किंवा ‘काया’ (काळा) हाही असाच नियमाने होणारा बदल आहे. ळच्या जागी य, आणि तोही एखाददुसऱ्या शब्दात नव्हे.

‘मूल’ पण ‘मुलाला’, ‘फूल’ पण ‘फुलाला’, ‘बहीण’ पण ‘बहिणीला’ या जागी होणारी चूक मात्र निराळ्या जातीची आहे. मराठीच्या रोजच्या बोलण्यात इकार-उकाराचे ऱ्हस्व-दीर्घ बहुतांशी शब्दातल्या जागेवर ठरते, अर्थभेदावर नव्हे. शिवाय ‘शरीर–शरीराला’, ‘गीत–गीताला’ अशा संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांत लेखनातला दीर्घ टिकून राहतो. शब्द कुठून आला हे सातवीतल्या मुलाला ठाऊक नसते. अशा वेळी ‘नीट ऐक आणि लिही’ हा सल्ला त्याला चुकीच्या दिशेला नेतो, कारण ऐकून कळण्यासारखे तिथे फारसे नाहीच. इथे नियम सांगावा लागतो आणि डोळ्याला सवय लावावी लागते. ‘पानी’ला कानाचा उपाय आणि ‘मूलाला’ला डोळ्याचा. वहीत मात्र दोन्हींखाली एकच लाल रेघ येते, आणि हा फरक न शिकलेला शिक्षक कितीही तळमळीचा असला तरी निम्मे श्रम वाया घालवतो.

शब्दांच्या घडणीतही असेच आहे. ‘पाऊस–पावसात’, ‘देऊळ–देवळात’, ‘भाऊ–भावाला’ ही रूपे प्रथमा ते संबोधन अशा तक्त्यात पाठ केली तर सुटीसुटी वाटतात. स्वर पुढे आला की ऊचा व होतो, हे एकदा दाखवले की ती एकाच नियमाची ठरतात. मराठीत नामाचे आधी सामान्यरूप होते आणि त्याला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागते. संस्कृतच्या साच्यातल्या आठ विभक्तींपेक्षा ही मांडणी शिकणाऱ्याला जवळची आहे.

या विचाराची पुण्यातली मुळे आधुनिक भाषाविज्ञानाहून जुनी आहेत. दादोबा पांडुरंग यांचे मराठी व्याकरण १८३६ साली निघाले. त्यावर कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी जे चिकित्सक निबंध लिहिले ते ‘शालापत्रक’ या शिक्षकांसाठीच्या मासिकात आले, आणि कृष्णशास्त्री स्वतः पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचे प्रमुख होते. मराठी व्याकरणाची पहिली गंभीर चर्चा अशी शिक्षकांपुढेच झाली, हे विसरता कामा नये. पुढे मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) आणि फर्ग्युसन महाविद्यालयातले पां. दा. गुणे यांचे तौलनिक भाषाशास्त्राची ओळख करून देणारे इंग्रजी पुस्तक (१९१८) आले. गुण्यांच्या पुस्तकावर विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या तयार झाल्या.

डेक्कन कॉलेजचा आरंभ १८२१ साली विश्रामबाग वाड्यातल्या संस्कृत पाठशाळेपासून धरतात. १९३४ मध्ये बंद पडलेले कॉलेज १९३९ साली येरवड्याच्या आवारात पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाले, आणि भाषाविज्ञान हा त्याच्या पहिल्या विभागांपैकी एक होता. सु. मं. कत्रे यांनी दीर्घकाळ संचालकपद सांभाळले. १९५०च्या दशकात रॉकफेलर फाउंडेशनच्या साह्याने इथे भाषाप्रकल्प चालला आणि उन्हाळी वर्ग भरले. देशभरातले भाषांचे तरुण अध्यापक त्या वर्गांत वर्णनात्मक भाषाविज्ञान शिकले आणि आपापल्या विद्यापीठांत परतून त्यांनी हा विषय उभा केला. भारतातल्या अनेक भाषाविज्ञान विभागांची पहिली पिढी येरवड्याच्या त्या आवारात घडली आहे. संस्थेला १९९० साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

विषय मराठीत आणण्याचे श्रेय प्रथम ना. गो. कालेलकर यांना द्यावे लागते. ‘ध्वनिविचार’ (१९५५), ‘भाषा आणि संस्कृती’ आणि साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले ‘भाषा : इतिहास आणि भूगोल’ ही त्यांची पुस्तके आजही नवख्या विद्यार्थ्याच्या हाती निःशंकपणे द्यावीत अशी आहेत. परिभाषा कमी, उदाहरणे घरची. अशोक रा. केळकर (१९२९–२०१४) यांनी कॉर्नेल विद्यापीठात मराठीच्या ध्वनिव्यवस्थेवर व रूपव्यवस्थेवर प्रबंध लिहिला (१९५८) आणि नंतर पुण्यात दीर्घकाळ अध्यापन केले. त्यांचे लेखन कालेलकरांइतके सोपे नाही, पण त्यांचे ‘वैखरी’ हे पुस्तक वाचलेला शिक्षक भाषेच्या तासाकडे पूर्वीच्या नजरेने पाहू शकत नाही. केळकरांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या मराठी अभ्यास परिषदेने १९८३ पासून ‘भाषा आणि जीवन’ हे त्रैमासिक चालवले. कल्याण काळे व अंजली सोमण यांनी संपादित केलेले ‘वर्णनात्मक भाषाविज्ञान : स्वरूप आणि पद्धती’ (१९८२) हे पदव्युत्तर वर्गांचे नेहमीचे पुस्तक झाले. याच दोघांनी पुढे अमराठी विद्यार्थ्यांसाठी मराठीचे पाठ्यपुस्तक तयार केले. शास्त्र आणि अध्यापन एकाच हातात असल्याचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागेल.

परभाषकांना मराठी शिकवण्याचे संघटित काम पुण्यात पश्चिम क्षेत्रीय भाषा केंद्रात होते. म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाचे हे केंद्र १९७० साली डेक्कन कॉलेजच्या आवारातच सुरू झाले. निरनिराळ्या राज्यांतून पाठवलेल्या सेवेतील शिक्षकांना इथे दहा महिन्यांत मराठी, गुजराती किंवा सिंधी शिकवली जाते. घरून वेगवेगळ्या भाषा घेऊन आलेले प्रौढ शिक्षक एका वर्गात बसले की व्यतिरेकी अभ्यासाची, म्हणजे दोन भाषा शेजारी ठेवून फरक पाहण्याची, गरज आपोआप पटते. हिंदी भाषक ‘मैंने’च्या वळणावर ‘मीने’ म्हणून जातो, कारण ‘रामाने आंबा खाल्ला’ पण ‘मी आंबा खाल्ला’ ही मराठीची तऱ्हा त्याला अनोळखी असते. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतला भेद त्याच्या ‘हम’मध्ये नाही. गुजराती भाषकाला तो क्षणात उमगतो, त्याच्याकडे ‘आपणे’ आणि ‘अमे’ आधीच आहेत. कन्नड भाषक अडतो तो लिंगापाशी. दगड तो, वीट ती आणि घर ते का, याला त्याच्या भाषेत आधार सापडत नाही.

भाषा शेजारी राहिल्या की व्याकरणेही बदलतात, हे दाखवणारे जगप्रसिद्ध उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. सांगलीजवळच्या कुपवाड गावातल्या मराठी, कन्नड व उर्दू यांची वाक्यरचना इतकी जवळ आली होती की शब्दाला शब्द ठेवून एकीतून दुसरीत जाता येई, असे गंपर्झ आणि विल्सन या अभ्यासकांनी १९७१ मध्ये मांडले. जगभरच्या प्रवेशवर्गांत हे गाव शिकवतात. सीमाभागातल्या मुलाची मराठी ‘बिघडलेली’ आहे असे म्हणण्यापूर्वी शिक्षकाने हा अभ्यास वाचलेला असावा.

उणीव आहे ती शास्त्र आणि अध्यापन सांधण्याची. बी.एड.ला अध्यापनपद्धती शिकवतात आणि भाषाविज्ञान उरले तर एखाद्या घटकात येते. एम.ए.ला भाषाविज्ञान असते, पण शाळेची वही तिथे उघडत नाही. दोन्ही वर्ग एकाच शहरात, काही किलोमीटरच्या अंतरात भरतात. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी हे अंतर पुसून दाखवले. त्या गावाच्या बोलीवर त्यांनी पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली, जाई निंबकर यांच्यासह परभाषकांसाठी मराठीची पुस्तके लिहिली आणि मग तिथेच शाळा उभारून मुलांना वाचायला शिकवण्याचे काम हाती घेतले.

बोलींच्या बाबतीत शिक्षकाला आज पूर्वी नव्हते असे साधन मिळाले आहे. अ. मा. घाटगे यांनी १९६०च्या दशकापासून कुडाळी, वारली, कासरगोडची मराठी अशा बोलींची पाहणी पुस्तकरूपाने दिली. अलीकडे डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साह्याने मराठीच्या बोलींचे नवे सर्वेक्षण केले असून गावोगावच्या बोलण्याची ध्वनिमुद्रणे इंटरनेटवर खुली ठेवली आहेत. पुण्यातल्या शाळेत बुलढाण्याहून किंवा नंदुरबारहून मूल आले, तर त्याच्या घरी कशी मराठी बोलतात हे त्याच्या शिक्षकाला शाळेत बसून ऐकता येते.