वेर्णा आणि क्षयाची चिप

वेर्णा म्हटलं की आमच्या मंडळातल्या जाणत्यांना म्हाळसेचं मूळ स्थान आठवतं. पोर्तुगीज काळात देवी तिथून म्हार्दोळला गेली. मला तिथली औद्योगिक वसाहत आठवते. अभियंत्याची खोड, दुसरं काय! क्षयाची ‘ट्रूनॅट’ चाचणी करणारी मोलबायो कंपनी तिथलीच. तंत्र बेंगळुरूच्या बिगटेक प्रयोगशाळेचं.

तिचं मोल कळायला आधीची रीत पाहावी लागते. रॉबर्ट कॉखने 24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला. पुढची शंभरावर वर्षं आपल्याकडे निदान मुख्यतः बेडका काचेवर पसरून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच व्हायचं. जंतू थोडे असले तर निसटायचे. दिसले तरी कोणत्या औषधाला दाद देणार नाहीत, हे काचेवर दिसत नाही. त्यासाठी ते प्रयोगशाळेत वाढवायचे, म्हणजे कित्येक आठवडे गेले. म्हणून सरकारी कार्यक्रमात ही तपासणी बहुधा उपचार फसलेल्यांचीच होई. रोग्याने आधी महिनोन्महिने कुचकामी गोळ्या घ्यायच्या, घरात खोकत राहायचं, मग त्याची पाळी. या हिशेबाचा मला अजूनही राग येतो.

रेण्वीय चाचणीने हा क्रम उलटला. रिफॅम्पिसिनला न जुमानणाऱ्या बहुतेक जंतूंत बिघाड एकाच ठिकाणी असतो: ‘आरपीओबी’ जनुकातला 81 अक्षरांचा तुकडा. तेवढ्याच्याच असंख्य प्रती काढून तपासायच्या. अमेरिकेतल्या सेफीड कंपनीचं जीनएक्स्पर्ट यंत्र हे दोनेक तासांत करू लागलं; डिसेंबर 2010 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. गंमत म्हणजे 2001 मधल्या अँथ्रॅक्सच्या पत्रांनंतर हेच तंत्र तिकडच्या टपालखात्यात बसवलं गेलं होतं.

पण त्या यंत्राला अखंड वीज हवी, खोली थंड हवी. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दोन्ही कुठून आणणार? ट्रूनॅट बॅटरीवर चालतं, टेबलाच्या कोपऱ्यावर मावतं. पहिली चिप क्षय आहे का ते सांगते. असला तर त्याच नमुन्यावर दुसरी चिप रिफॅम्पिसिनचं. त्याला जागतिक मान्यता मिळाली 2020 मध्ये, आणि त्याच वर्षी ही यंत्रं कोविडच्या कामाला जुंपली गेली.

एक मात्र खरं, आयसोनियाझिड या दुसऱ्या मुख्य औषधाबद्दल या दोन्ही चिपा काहीच सांगत नाहीत. फक्त त्यालाच न जुमानणारा जंतू असेल, तर त्यांच्या अहवालात तो साधा क्षय म्हणूनच उतरतो.