जिभेचा कौल

‘नावडतीचें मीठ अळणी’ अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. मीठ तेंच, पण तें कोणाच्या हातचें आहे हें ठाऊक असल्यानें त्याची चव पालटते, असा तिचा आशय. अमेरिकेंतील दोन पेयांच्या स्पर्धेचा इतिहास पाहिला, म्हणजे ह्या म्हणींतील मर्म केवळ घरगुती नाहीं हें ध्यानांत येतें.

कोका-कोला हें पेय अटलांटा शहरांतील जॉन पेंबर्टन ह्या औषधविक्रेत्यानें १८८६ सालीं तयार केलें. पुढें १८९३ सालीं नॉर्थ कॅरोलायनांतील न्यू बर्न ह्या गांवीं केलेब ब्रॅडहॅम ह्या दुसऱ्या औषधविक्रेत्यानें असेंच एक पेय काढलें. त्याला १८९८ सालीं पेप्सी-कोला हें नांव मिळालें. जन्म सारखा असला, तरी दैव सारखें नव्हतें. पेप्सीचें दिवाळें १९२३ सालीं निघालें आणि १९३१ सालीं तें पुन्हां निघालें. त्यानंतरच्या मंदीच्या दिवसांत पांच सेंटांत बारा औंस पेय देऊन तिनें जम बसविला. स्वस्ताईमुळें गिऱ्हाईक लाभलें. प्रतिष्ठा मात्र कोका-कोलाचीच राहिली.

तेव्हां १९७५ सालीं टेक्सासमधील डॅलस येथें पेप्सीनें एक नवी युक्ति योजिली. नांवें झांकलेले दोन पेले लोकांपुढें ठेवावयाचे आणि अधिक आवडला तो निवडावयास सांगावयाचें. निम्म्याहून अधिक लोकांनीं पेप्सी निवडली आणि त्याचा डांगोरा सर्वत्र पिटला गेला. कोका-कोलाच्या पेल्यावर ‘क्यू’ व पेप्सीच्या पेल्यावर ‘एम’ हें अक्षर होतें. लोकांना मुळांत ‘एम’ हें अक्षरच अधिक प्रिय आहे, असा आक्षेप कोका-कोलानें घेतला. आक्षेप ऐकून हंसूं येतें. परंतु मनुष्याची निवड चवीखेरीज इतर गोष्टींनींहि हलते, ही कबुली त्यांत होती. शिवाय पेप्सी किंचित् अधिक गोड. एका घोटापुरता गोडवा सुखावतो. सबंध बाटली संपवितांना तोच नकोसा होऊं शकतो.

तथापि कोका-कोलाच्या स्वतःच्या परीक्षांतहि पेप्सीच सरस ठरूं लागली, तेव्हां कंपनीचा धीर सुटला. अध्यक्ष रॉबर्टो गोइझुएटा ह्यांच्या कारकीर्दींत अधिक गोड अशी नवी कृति सिद्ध झाली. सुमारें दोन लाख लोकांना ती चाखविण्यांत आली आणि बहुमत तिच्या बाजूचें पडलें. ता. २३ एप्रिल १९८५ रोजीं नव्या पेयाची घोषणा झाली व जुनें बंद करण्यांत आलें.

मग जें घडलें तें कोणत्याहि आंकड्यांत दिसलें नव्हतें. लोक जुन्या पेयाचे सांठे करूं लागले. जून महिन्यांत कंपनीकडे दिवसाला सुमारें दीड हजार दूरध्वनि येत होते; त्यांत संताप होता, तसा शोकहि होता. अखेर ११ जुलै रोजीं, ७९ दिवसांनीं, जुनी कृति ‘कोका-कोला क्लासिक’ ह्या नांवानें परत आली.

पुढें २००४ सालीं ह्यूस्टन येथील बेलर वैद्यकीय महाविद्यालयांतील संशोधकांनीं मेंदूंतील हालचाली टिपणाऱ्या यंत्राच्या साहाय्यानें हीच परीक्षा पुन्हां घेतली. नांवें झांकलीं असतां दोन्ही पेयांना जवळजवळ सारखाच कौल मिळाला. आपण पितों तें कोका-कोला आहे असें कळतांच पसंती त्या बाजूस झुकली, आणि मेंदूच्या स्मरणाशीं संबंधित भागांत हालचाल दिसून आली.

म्हणून दोन लाख लोकांची ती परीक्षा खोटी होती असें म्हणतां येत नाहीं. कोणता घोट अधिक रुचकर, ह्या प्रश्नाचें उत्तर लोकांनीं प्रामाणिकपणें दिलें. परंतु नवें घेतल्यास जुनें कायमचें जाईल, हें त्यांना सांगितलेंच नव्हतें. तेंच पेय ते लहानपणापासून सणासमारंभांत व सहलींत पीत आले होते. उत्तर बरोबर आलें. चूक झाली ती प्रश्न काढणाऱ्याची.