समज, समाज आणि एकांत : सहवासवाचक ग्रीक आणि मराठी शब्दांचा तौलनिक विचार

बंगळूरच्या पूर्व भागातील मारतहळ्ळी हे नाव कानावर पडले की मराठी माणसाला त्यात 'मराठा' ऐकू येतो. शहाजीराजांची बंगळूरची जहागीर त्याला आठवते आणि व्युत्पत्ती सिद्ध झाल्यासारखी वाटते. एक लोकप्रिय उपपत्ती मात्र हे नाव हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या, १९६१ साली प्रथम उडालेल्या 'मारुत' विमानाशी जोडते. दोन्ही उपपत्ती ध्वनिसाम्यावर उभ्या आहेत. 'हळ्ळी' म्हणजे खेडे, एवढेच निर्विवाद. शब्दांवरून समाजाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने हा इशारा ध्यानात ठेवावा. धातू आणि प्रत्यय यांतून प्राचीन समाजस्थितीचा माग काढण्याची साहसी वाट मराठीत वि. का. राजवाडे यांनी घालून दिली. त्या वाटेवर ध्वनिसाम्याचा चकवा पावलोपावली आहे. म्हणून प्रस्तुत लेखात व्युत्पत्तीला पुरावा न मानता प्रश्नाचे निमित्त मानले आहे. शब्द कोठून आला यापेक्षा, त्या मुळापासून दूर जाण्यासाठी भाषेने कोणते श्रम घेतले, हे पाहणे अधिक फलदायी ठरते.

ग्रीक भाषेत कळपाला 'अगेले' म्हणतात. हा शब्द 'अगो' म्हणजे हाकणे, नेणे या क्रियापदापासून आला. कळप म्हणजे जे हाकले जाते ते. हाच शब्द ग्रीकांनी माणसांनाही लावला. स्पार्टात सात वर्षांच्या मुलांना घरातून काढून ज्या तुकड्यांत घालीत त्यांना प्लुटार्क 'अगेले' असेच म्हणतो. 'एकत्र' या अर्थाचा उपसर्ग लावून 'सिनागोगे' म्हणजे सभा, हा शब्दही याच क्रियापदापासून घडला.

या 'अगो'चा संस्कृत सगोत्र म्हणजे 'अज्' हा धातू. 'सम्' उपसर्गासह त्यापासून दोन नामे होतात. पाणिनीचे एक सूत्र (३.३.६९) केवळ पशूंच्या संदर्भात 'समज' हे ऱ्हस्व रूप सांगते, आणि अमरकोश हा भेद स्पष्ट करतो : पशूंचा तो समज, इतरांचा तो समाज. (मराठीतील 'समज' म्हणजे आकलन हा शब्द वेगळा, येथेही ध्वनिसाम्याला भुलू नये.) आज ज्या शब्दाशिवाय आपले सार्वजनिक बोलणे पुढे सरकत नाही, तो 'समाज' मुळात गुरे एकत्र हाकण्याच्या क्रियेतून आला आहे आणि कळपापासून त्याला वेगळे करणारी गोष्ट एका स्वराची दीर्घता आहे.

जो भेद वैयाकरणांनी स्वराने केला तो अ‍ॅरिस्टॉटलने 'लोगोस' म्हणजे वाणी आणि विवेक यांच्या आधारे केला. आपल्या प्राणिशास्त्रीय ग्रंथात तो प्राण्यांचे 'अगेलाइया' म्हणजे कळपाने राहणारे आणि 'मोनादिका' म्हणजे एकेकटे राहणारे असे गट मानतो. ज्यांचे कार्य सामाईक असते ते 'पोलितिका', आणि त्यांत माणसाबरोबर मधमाशी, मुंगी व क्रौंचही येतात. 'राज्यशास्त्रा'त तो म्हणतो की माणूस या सर्वांहून अधिक राजकीय आहे, कारण न्याय्य-अन्याय्य सांगणारी वाणी त्यालाच आहे. नीतिशास्त्रात तर तो थेट गुरांकडेच बोट दाखवतो : मित्रांचे एकत्र जगणे म्हणजे संवाद आणि विचार यांत सहभागी होणे, एकाच कुरणात चरणे नव्हे. सहवासाची ही कसोटी पुढे आपल्याला उपयोगी पडेल.

तरीही कळपाच्या प्रतिमेत एक प्रश्न उरतोच : गुराखी कोण? होमर राजाला 'लोकांचा मेंढपाळ' म्हणतो. प्लेटोच्या 'पोलितिकोस' या संवादात राज्यकला म्हणजे कळप पाळण्याची कला, अशी व्याख्या करून पाहिली जाते आणि मग ती सदोष ठरते. मेंढपाळ मेंढरांहून वेगळ्या जातीचा असतो. राजा मात्र प्रजेसारखाच माणूस. माणसांचे खरे गुराखीपण क्रोनोसच्या काळी देवाकडे होते आणि तो काळ सरला, असे तेथे सांगितले आहे.

मराठी भक्तिपरंपरेने हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला आणि या दोन परंपरांच्या तुलनेतील अर्थपूर्ण स्थान तेच आहे, असे वाटते. आषाढी पौर्णिमेला पंढरपूरजवळ गोपाळपूर येथे वारकरी काल्यासाठी जमतात. कृष्ण आणि त्याचे सवंगडी गुरे राखताना आपापली शिदोरी एकत्र करून खात, त्या प्रसंगाचे हे स्मरण. येथे देव गुराखी आहे खरा, परंतु भक्त त्याचा कळप नाहीत; तेही गुराखीच आहेत. गुरे दूर कोठेतरी चरत आहेत आणि राखणारे सारे एका पंगतीला आहेत. प्लेटोला देव आणि माणूस यांच्यातील जातिभेदामुळे जी प्रतिमा टाकावी लागली, ती काल्याने देवालाच गडी करून राखली. 'गडी' हा शब्दही पाहण्यासारखा आहे : खेळातील भिडू, शेतावरचा नोकर आणि सोबती या तिन्ही अर्थांनी तो वावरतो. ग्रीक 'हेताइरोस' अकिलीसचा जिवलग पॅट्रोक्लस, अथेन्सच्या गुप्त राजकीय मंडळातील सदस्य आणि अलेक्झांडरचा घोडेस्वार यांना सामावतो. तेथे सोबतीचा ओढा शस्त्राकडे व सत्तेकडे आहे, मराठीत कामाकडे आणि खेळाकडे.

एकटेपणाच्या शब्दांतही असाच भेद दिसतो. 'एरेमिया' म्हणजे ओसाड जागा आणि तेथील एकटेपणा. ज्याला समूहाची गरज नाही तो पशू किंवा देव, असे अ‍ॅरिस्टॉटल मानतो. त्याच अ‍ॅरिस्टॉटलने आपण जसजसे एकटे पडत गेलो तसतसे कथांवरील आपले प्रेम वाढत गेले, असे लिहिल्याचे 'शैलीविषयी' या ग्रीक ग्रंथामुळे आपल्याला कळते. सिद्धान्ताने ज्याला जागा दिली नाही ते अनुभवाने मागाहून मागितले. मराठीत 'एकाकी' आणि 'एकांत' हे शब्द आरंभापासून वेगळे आहेत : एक लादला जातो, दुसरा शोधला जातो. एकनाथांनी १५७३ साली वाराणसीत पूर्ण केलेल्या भागवतात दोन्ही टोके शेजारी आहेत. नवव्या अध्यायात कुमारीच्या कंकणांची कथा येते. पाहुण्यांना कांडणाचा आवाज जाऊ नये म्हणून ती एकेक काकण काढते, कारण अनेक असले की कलह आणि दोन असले तरी बोलणे होते. बाराव्या अध्यायात मात्र सत्संगाचा महिमा आहे. 'सञ्ज्' म्हणजे चिकटणे. 'संग' हाच बंध आणि तोच बंधमोचक. तुकारामांना भंडाऱ्याच्या एकांतात वृक्षवेलींत सोयरे भेटतात. हा एकांत समाजाचा विरोधी नसून समाजात परतण्याची तयारी आहे.

परंतु येथेच थांबलो तर मराठी शब्दांचे चित्र अकारण उजळ होईल. एकाकी करणे ही समाजाचीच एक क्रिया आहे आणि तिच्यासाठी मराठीत 'वाळीत टाकणे' असा सिद्ध वाक्प्रचार आहे. चोखामेळ्याची समाधी पंढरपूरच्या महाद्वारासमोर, मंदिराबाहेर आहे. काल्याची पंगत ज्याच्या अभंगांनी श्रीमंत झाली त्याला गाभारा मिळाला नाही. ते मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले झाले १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. अ‍ॅरिस्टॉटल होमरच्या शब्दांत कुळहीन, न्यायहीन, चूलहीन माणसाचे वर्णन करतो तेव्हा तो स्वभावतः तसा असल्याचे गृहीत धरतो. आपल्याकडे त्याला तसे केले जाते.

या पार्श्वभूमीवर 'समाज' शब्दाचे आधुनिक चरित्र वाचावे लागते. नाशिकच्या लेण्यातील गौतमी बलश्रीच्या प्राकृत लेखात गौतमीपुत्र सातकर्णी उत्सव आणि समाज भरवणारा म्हणून गौरवला आहे. तेथे समाज म्हणजे मेळावा, भरणारा आणि पांगणारा. एकोणिसाव्या शतकात तो संस्था झाला : प्रार्थना समाज १८६७, सत्यशोधक समाज १८७३, आर्य समाज १८७५. यांत माणूस जन्माने नव्हे, निवडीने शिरत असे. पुढे तोच शब्द जातींच्या नावांना जोडला गेला. ज्यात जन्माने शिरायचे आणि ज्यातून बाहेर टाकले जायचे असा समाज घडला. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ साली कायदा करावा लागला, ही त्या शब्दाच्या इतिहासातील नोंदच म्हटली पाहिजे. दीर्घ 'आ' पुन्हा ऱ्हस्व होऊ पाहतो.

मारतहळ्ळीत आज नोकरीसाठी आलेले अनेक भाषांचे तरुण एका खोलीत तिघे-चौघे राहतात. त्यांना ना एकांत मिळतो, ना सोबतीची खात्री. हाकणारा कोणी दिसत नाही, तरी सारे एकाच वेळी एकाच दिशेने निघतात. हा समज की समाज, याचा निर्णय कोशात मिळणार नाही. तेथे कोणी आपली शिदोरी दुसऱ्यासमोर सोडली आणि दोन शब्द बोलले, तर अ‍ॅरिस्टॉटलची कसोटी आणि गोपाळपूरचा काला दोन्ही तेथेच लागू होतील.