मातीने राखलेली ठेव

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाने उन्हाळ्यात वाडीतील जुने बावखल उपसावयास घेतले. गाळ काढता काढता तळाशी एक उभट दगड लागला. वरच्या भागी सूर्य आणि चंद्र कोरलेले, मध्ये झिजलेल्या काही ओळी, आणि खाली असे एक चित्र की, घरातील स्त्रियांनी पाहताच तोंड फिरविले. संध्याकाळी आम्हाला बोलावणे आले. गेलो तेव्हा दगड गोणपाटाखाली झाकून ठेवलेला होता. घरातील वडीलधाऱ्यांनी दोनच प्रश्न विचारले. "फादर, हा दगड अपशकुनी तर नाही ना?" आणि थोडा आवाज खाली आणून, "सरकारला कळले तर आमची वाडी जाईल का?" थोरल्या मुलाचा बेत तर ठरलाच होता. रात्रीत दगड फोडावा आणि नव्या घराच्या पायात घालावा.

वाचकहो, ही भीती एकाच घरातील नाही. जमिनीतून काही निघाले की आपली माणसे एक तर घाबरतात, नाही तर लोभावतात. दोन्हींचा परिणाम एकच होतो. जे मातीने शतकानुशतके सांभाळले, ते माणसाच्या हातून एका रात्रीत नष्ट होते. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिणे आम्हाला अगत्याचे वाटले.

प्रथम त्या दगडाविषयी. अशा दगडाला अभ्यासक गधेगळ म्हणतात. उत्तर कोकणावर ९ व्या ते १३ व्या शतकापर्यंत शिलाहार राजांचे राज्य होते. राजाने किंवा त्याच्या अधिकाऱ्याने जमीन दान दिली की, ते दान शिळेवर कोरून ठेवण्याची प्रथा होती. सूर्य-चंद्राचा अर्थ असा की, ते आकाशात असेपर्यंत हे दान टिकावे. खालचे गाढवाचे व स्त्रीचे चित्र म्हणजे दान मोडणाऱ्याला त्याच्या आईवरून दिलेली शिवी होय. ती आपल्या कानांना असभ्य वाटते यात संशय नाही. पण ती जादूटोणा नव्हे. ज्याला अक्षर वाचता येत नव्हते त्यालाही कळावी अशी ती ताकीद होती. आज आपण सातबाराचा उतारा जपतो, तसा हा त्या काळचा जमिनीचा कागद. अलिबागजवळच्या आक्षी येथील अशाच एका शिळेवर अभ्यासकांनी शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२, हा काल वाचला असून मराठी भाषेच्या सर्वांत जुन्या लेखांत तिची गणना होते. तो दगड कोणी पायात घातला असता, तर आपल्या मायबोलीच्या जन्मपत्रिकेचे एक पानच हरवले असते.

दुसरे उदाहरण आपल्या वसई तालुक्यातलेच आहे. नालासोपाऱ्याजवळ मातीचा एक मोठा उंचवटा होता. लोक त्याला बुरूड राजाचा कोट म्हणत. आत काय आहे याची कोणाला कल्पना नव्हती. १८८२ च्या एप्रिल महिन्यात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो खणला. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या हाताखाली तयार झालेले हे विद्वान. त्यांना आढळले की, हा कोट नसून विटांचा बौद्ध स्तूप आहे. त्याच्या मध्यभागी दगडाचा मोठा करंडक निघाला. त्यात तांब्याची डबी होती आणि तिच्याभोवती बुद्धांच्या आठ कांस्यमूर्ती मांडलेल्या होत्या. तांब्याच्या डबीत चांदीची, चांदीच्या डबीत दगडाची, तिच्यात स्फटिकाची आणि अगदी आत सोन्याची, अशी एकीत एक डबी होती. सोन्याची फुलेही होती.

आणि त्या सर्वांत आतल्या सोन्याच्या डबीत काय असावे? मातीच्या भांड्याचे १३ लहान तुकडे! ते गौतम बुद्धांच्या भिक्षापात्राचे म्हणून जपले गेले असावेत, असे भगवानलालांनी मानले. ज्यांनी ते पुरले त्यांच्या दृष्टीने सोने ही केवळ पेटी होती. मोलाची वस्तू होती ती खापरी. तो उंचवटा एखाद्या धनलोभ्याच्या हाती लागला असता, तर त्याने सोने वितळविले असते आणि खापरीचे तुकडे झटकून टाकले असते. जाणत्याच्या हाती लागला म्हणून तो ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत सुरक्षित राहिला.

त्याच वर्षी सोपाऱ्याच्या भातेला तळ्याजवळ भगवानलालांना सम्राट अशोकाच्या ८ व्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. पुढे १९५६ साली भुईगाव येथे ९ व्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. इ.स.पूर्व ३ ऱ्या शतकातील या लेखात अशोक सांगतो की, लग्नकार्यात, आजारपणात, प्रवासाला निघताना माणसे नाना विधी करतात, पण त्यांचे फळ थोडे. नोकरचाकरांशी नीट वागणे आणि वडीलधाऱ्यांचा मान राखणे हा खरा मंगल विधी. आपल्या किनाऱ्यावरच्या एका भग्न दगडात एवढी शिकवण होती.

तिसरे उदाहरण आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद हे गाव आहे. १९७४ साली तेथील भिल्ल समाजाच्या एका शेतकऱ्याला झुडपाचे मूळ खणताना धातूच्या चार वस्तू लागल्या. दोन बैलांचा रथ व त्यावर उभा असलेला पुरुष, एक हत्ती, एक गेंडा आणि एक रेडा. सर्व भरीव ओतकामाची, एकूण वजन ६० किलोहून अधिक. भारतातील प्राचीन धातुशिल्पांत त्यांची थोरवी आज सर्वमान्य आहे. बहुतेक संशोधक त्यांना इ.स.पूर्व दुसऱ्या सहस्रकात नेतात. काहींनी धातूतील सोमलाच्या प्रमाणावरून शंका घेतली आहे. हा वाद का राहिला? कारण वस्तू पुरातत्त्वज्ञांच्या देखरेखीखाली थरांमधून निघाल्या नाहीत. कोणत्या थरात, कशाच्या शेजारी वस्तू होती, हेच तिच्या वयाचे दाखलापत्र असते. म्हणून सापडलेली वस्तू मोडू नये एवढेच नव्हे, तर शक्य तोवर हलवूही नये.

आता त्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. भूमिगत ठेवीविषयीचा कायदा १८७८ सालचा आहे. जमिनीत दडलेली १० रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली, तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविले पाहिजे. कोणी हक्कदार पुढे आला नाही आणि आपसांत काही करार नसला, तर तीन चतुर्थांश वाटा सापडणाऱ्याचा व एक चतुर्थांश जमीनमालकाचा. सरकारने वस्तू स्वतःकडे घेतली, तर तिच्या किमतीवर आणखी एक पंचमांश रक्कम द्यावयाची असते. ठेव निघाली म्हणून जमीन सरकारजमा होईल, असे या कायद्यात कोठेही म्हटलेले नाही. लपवून ठेवणाऱ्याचा वाटा मात्र जातो आणि त्याला शिक्षाही होऊ शकते. म्हणजे घाबरावयाचे असेल, तर सांगण्याला नव्हे, लपविण्याला घाबरावे.

प्रभू येशूनेही शेतात लपविलेल्या ठेवीचा दाखला दिला आहे. त्यातील मनुष्य ठेव मिळाल्यावर आनंदाने आपले सर्वस्व विकून ते शेत विकत घेतो. दाखला स्वर्गराज्याचा आहे, पुराणवस्तूंचा नव्हे, हे आम्ही जाणतो. तरीही त्या माणसाची एक गोष्ट आपल्याला घेता येईल. जे सापडले त्याचे मोल त्याला ओळखता आले.

त्या संध्याकाळी आम्ही हे सारे त्या कुटुंबाला सांगितले. दुसऱ्या दिवशी थोरला मुलगाच आमच्यासोबत तहसील कचेरीत अर्ज घेऊन आला. दगडावरच्या ओळी अजून कोणी पूर्ण वाचलेल्या नाहीत. पण त्या वाचावयास शिल्लक आहेत. आपल्या वाड्या झपाट्याने विकल्या जात आहेत, बावखले बुजत आहेत, आणि यंत्राचे फाळके माती उचलताना क्षणभरही थांबत नाहीत. तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी कुदळीला काही लागले, तर कुदळ थांबवा, जागेचे छायाचित्र घ्या आणि कचेरीत कळवा. एकट्याला संकोच वाटला, तर आपल्या धर्मगुरूंना हाक मारा. आम्ही सोबत येऊ.